उजव्या कानाची यादी

गुरुवारी दुपारी बाह लामची यादी लिहून पुरी झाली, आणि तेव्हापासून त्याला घरात कुठे बसावं ते कळेना.

खिडकीतल्या उन्हात बसावं तर धाकटी बहीण थेइलिन संत्र्यांची टोपली घेऊन समोर येई. शेगडीपाशी जावं तर तिथेही तीच. ती काही विचारत नव्हती. नुसत्या सोललेल्या फोडी त्याच्यापुढे ठेवत होती, आणि त्या न विचारण्याचंच त्याला ओझं होत होतं.

"शनिवारी मीपण येते म्हणते," शेवटी ती म्हणाली.

"कुठे?"

"कुठे काय. ड्रोनेलच्या दुकानात. यादी ऐकायला."

"तेहतीस वर्षांत कधी आली नाहीस."

"तेहतीस वर्षांत माझ्या मुलीनं अल्बम काढला नव्हता." तिनं एक बी बोटानं काढून सालीत टाकली. "पातेलंभर जादोह करून आणीन. भात-मटण समोर असलं की माणसं जरा बऱ्या मनानं ऐकतात. आहे ना दारीचं नाव?"

"यादी शनिवारी वाचतात, थेइलिन."

"मी तुझी बहीण आहे, बाह. रेडिओवाली नाही."

तो उठला आणि वही ठेवलेल्या खणाला किल्ली लावून आला. त्या खणाला आजवर कधी किल्ली लागली नव्हती. थेइलिननं ते पाहिलं आणि पुढचं संत्रं सोलायला घेतलं.

शिलाँगमध्ये लायतुमख्राच्या चढावर ड्रोनेलचं शिंपीकामाचं दुकान आहे. मागच्या खोलीत शिवायला आलेले कोट टांगलेले असतात. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी दुपारी तीन वाजता ते कोट बाजूला सारून पंचवीस-तीस खुर्च्या मांडल्या जातात आणि बाह लाम, सगळ्यांचा बाह म्हणजे थोरला दादा, वही उघडतो. गेल्या वर्षात आलेल्यांपैकी त्याचे आवडते दहा अल्बम, प्रत्येकाला एक ओळ. ओळ लहान असते, पण ऐझॉलच्या एका गटानं आपली ओळ चौकट करून भिंतीवर लावली आहे असं म्हणतात.

दहा झाले की अकरावी ओळ येते. तिचं नाव 'यंदाची उणीव'. ज्याच्याकडून आशा होती आणि जो पुरा पडला नाही, असा एक अल्बम. लोक यादीची वाट पाहत, पण श्वास रोखत तो या ओळीसाठी. दोन वर्षांपूर्वी ती जोवाईच्या किंतिऊच्या वाट्याला आली होती, जो दुइतारा हे तंतुवाद्य वाजवतो. 'दुइतारा एकटाच चालत राहतो, सोबतीला कोणी नाही,' असं बाह लामनं लिहिलं होतं. किंतिऊबरोबर बासरी वाजवणारा त्याचा मित्र त्याच महिन्यात गट सोडून गेला.

एवढा वचक असलेला माणूस पाहायला गेलं तर अगदी साधा. एका छापखान्यात अठ्ठावीस वर्षं खिळे जुळवले, मोठं यंत्र डाव्या हाताला धडधडत असताना. लग्न केलं नाही. आईचं घर तिथल्या रीतीप्रमाणे धाकट्या मुलीकडे, थेइलिनकडे आलं, आणि त्या घरातली मागची खोली त्याची राहिली. ऐकण्याचे नियम मात्र कडक. प्रत्येक अल्बम तीनदा ऐकायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबवता. क्वाई खायची ती दोन ऐकण्यांच्या मध्ये, पान-सुपारी चावताना गाणं लावायचं नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून तो हेडफोन लावून ऐकू लागला होता. आई गेली, हेडफोन राहिला.

आणि नातं बघायचं नाही. सख्ख्या मावशीच्या मुलाचा अल्बम एकदा त्यानं यादीबाहेर ठेवला, तर तो सहा वर्षं बोलला नाही. मावशीच्या अंत्यविधीला त्यानं बाह लामला क्वाई दिली ती मान वळवून. लोकांनी ते पाहिलं आणि यादीवरचा त्यांचा विश्वास वाढला.

पण दारी म्हणजे दारी होती. तिचं नाव त्यानं ठेवलं, शाळा त्यानं निवडली. तिचे वडील मवाळ माणूस, कशालाही "तिच्या मामाला विचारा" म्हणून मोकळे होत. लहान असताना तो ऐकायला बसला की ती बाकावर त्याच्या डाव्या बाजूला चढून बसे आणि येईल ते गुणगुणे. ऐकताना आवाज केला म्हणून त्यानं जगात सगळ्यांना गप्प केलं, हिला कधी नाही. आता ती चोवीस वर्षांची होती आणि मुलांना शिकवून उरलेल्या वेळात तिनं एकटीनं आठ गाण्यांचा अल्बम केला होता. नाव 'एक खोली'. नोव्हेंबरात तिनं तो मामाच्या हातात ठेवला आणि एक अक्षर न बोलता कामाला गेली.

त्यानं नियमाप्रमाणे तीनदा ऐकला. गिटार सुरेख होती. आवाज कुठेतरी लांब, पुसट. गुरुवारी अकराव्या ओळीत त्यानं लिहिलं, 'एक खोली. गिटार खोलीत बसली आहे. गाणारी मात्र दाराबाहेर उभी राहून गाते.'

न लिहिणं सोपं होतं. पण आशा याच अल्बमकडून सर्वांत जास्त होती, आणि भाचीला वाचवायला ओळ दुसऱ्याच्या माथी मारली असती, तर मावशीच्या मुलाला काय तोंड दाखवायचं?

शुक्रवारी सकाळी दारी त्याच्या खोलीत आली. हातात फोन आणि त्याला जोडलेली कानात घालायची वायर.

"मामा, काम आहे का?"

"बस ना."

ती सवयीनं डावीकडे वळली. त्यानं उजवीकडची खुर्ची ओढली. "इथे बस. तिकडे ऊन येतं."

गेली तीन-चार वर्षं तो सगळ्यांना उजवीकडे बसवत होता. चर्चमध्येही बाकाच्या अगदी डाव्या टोकाची जागा त्यानं धरली होती. का, ते त्यानं स्वतःलाही शब्दांत सांगितलं नव्हतं. थंडी असते, कानात मळ असतो, वय असतं.

दारी उजवीकडे बसली. "तुझी यादी काय ते मला नकोय," ती म्हणाली. "आई विचारत असेल, मी विचारणार नाही. फक्त तिसऱ्या गाण्याच्या शेवटी मी एक ओळ लांबवलीये. ती चुकली का, एवढं सांग. इतकंच."

तिनं वायरीचं एक टोक आपल्या कानात घातलं, दुसरं, डाव्या कानाचं, त्याला दिलं. त्यानं ते जवळच्या, म्हणजे उजव्या कानात घातलं. गाणं सुरू झालं.

एक आवाज त्याच्या कानात आला. इतका जवळून की शब्दांआधी घेतलेला श्वासही ऐकू आला. साथ नाही, गिटार नाही, नुसता आवाज. ओल्या लाकडासारखा, थोडा खरखरीत, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाशी किंचित थांबणारा. बाह लामची बोटं मांडीवर थबकली. एवढं चांगलं त्यानं या वर्षात काही ऐकलं नव्हतं.

"हे कुणाचं?" तो म्हणाला.

दारीनं त्याच्याकडे पाहिलं.

"कुणाचं म्हणजे?"

"हे गाणं. कोण गातंय?"

तिनं गाणं थांबवलं. अंगणात कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज झाला.

"हे तिसरं गाणं आहे, मामा," ती हळू म्हणाली. "माझं. मी गातेय."

त्याचा हात कानातल्या टोकाकडे गेला.

"तीनदा ऐकलास ना तू?"

"ऐकला."

"पहिल्यापासून शेवटपर्यंत?"

"दारी—"

"मग मला ओळखलं कसं नाहीस?" तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच त्याला तो सोसेना. "आवडला नाही म्हणाला असतास तर चाललं असतं. सगळी पोरं तुला घाबरतात, मी नाही घाबरत. पण तू ऐकलाच नाहीस. ठेवून दिलास. घरचाच आहे, ऐकू कधीतरी, असं ना?"

खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलं, आणि तिथेच बसून राहिलं. तेहतीस वह्या त्याच्यामागे फळीवर उभ्या होत्या. दारीनं त्याच्या कानातलं टोक काढून घेतलं, वायर गुंडाळली आणि ती निघून गेली.

खोलीचं दार लावून बाह लामनं हेडफोन घेतला. 'एक खोली' यंत्रात घातली. हेडफोन नेहमीसारखा कानांवर चढवला. गिटार आली, आणि लांब कुठेतरी, भिंतीपलीकडे, कोणी गातंय असं वाटलं. मग त्यानं हेडफोन उतरवला, उलटा केला आणि डावी वाटी उजव्या कानावर दाबली.

गिटार गेली. दारी आली.

तो आठही गाणी तसाच ऐकत बसला. गिटार एका बाजूला, गाणारी दुसऱ्या बाजूला. मध्ये ऐकणाऱ्याची जागा. बाकावर जसं असायचं तसं.

त्यानंतर त्याला भीती वाटली ती दारीची नव्हे. पहिल्या क्रमांकावर कोहिमाच्या गटाचा अल्बम होता, 'थंड लोखंड'. त्याला त्यानं लिहिलं होतं, 'एक स्वर जास्त नाही.' त्यानं तो उलट्या हेडफोननं लावला. डावीकडे एक अकॉर्डियन होता, आणि तो एक क्षण गप्प बसत नव्हता. दुसऱ्या क्रमांकावर चेरापुंजीच्या शिक्षकाचा 'भिजलेली शाळा'. त्याच्या डाव्या बाजूला मुलांचा अख्खा वर्ग गात होता, ज्याचा त्याला पत्ताच नव्हता. मग त्यानं फळीवरून दोन वर्षांपूर्वीचा किंतिऊचा अल्बम काढला. घाईत तबकडी दोनदा खाली पडली. दुइतारा एकटा नव्हता. त्याच्याबरोबर, त्याच्या पावलावर पाऊल टाकत, बासरी चालत होती. शेवटपर्यंत.

गेल्या वर्षी त्यानं सदतीस अल्बम ऐकले होते. शनिवारी दुपारपर्यंत फक्त पाच पुन्हा ऐकून झाले, तेही एकेकदाच. अडीच वाजता त्यानं वही घेतली, त्यात काहीतरी खोडलं, थोडं लिहिलं आणि कोट चढवला. थेइलिन आणि दारी पातेलं घेऊन पुढे गेल्या होत्या. दारी कालपासून त्याच्याशी बोलली नव्हती.

ड्रोनेलची खोली भरली होती. मागे टांगलेल्या कोटांमध्ये माणसं उभी होती. रेडिओवाली कागद-पेन घेऊन पुढे बसली होती. तिसऱ्या रांगेत किंतिऊ होता. दोन वर्षांनी आला होता, मांडीवर टोपी ठेवून. दारी अगदी मागे, दाराजवळ उभी.

"ये, ये," ड्रोनेल गळ्यातली मापाची फीत सावरत म्हणाला. "यंदा उशीर? शाई संपली की दया आली?"

लोक हसले. बाह लाम टेबलामागे उभा राहिला. वही उघडली. उजव्या पानावर दहा नावं होती. ती वाचली तर कोणाला काही कळणार नव्हतं. दारी समजेल की मामानं आळस केला; पुढच्या वर्षापर्यंत तीही विसरेल. कोहिमाला निरोप जाईल, तिकडे आनंद होईल. तो पानाकडे पाहत राहिला. खोलीत कुजबुज सुरू झाली.

"यंदा दहा नाहीत," तो म्हणाला.

रेडिओवालीनं मान वर केली.

"दहा लिहिले होते. वाचत नाही. अकरावी ओळ तेवढी वाचतो." त्यानं वही डोळ्यांजवळ नेली, जरी अक्षरं त्याचीच होती. "यंदाची उणीव. ऐकणारा. अल्बम खोलीत वाजत होते, ऐकणारा दाराबाहेर उभा होता."

त्यानं वही मिटली.

"माझा डावा कान गेलाय," बाह लाम म्हणाला. "कधी, ते मला सांगता येणार नाही. तीन वर्षं तरी झाली असतील. मी हेडफोननं ऐकतो. म्हणजे जे ऐकलं ते अर्धं. माझ्या वहीत जे आहे ती दहा अल्बमांच्या उजव्या बाजूंची यादी आहे."

मग ड्रोनेल खाकरला.

"थांब, थांब. तीन वर्षं तू म्हणतोयस, हल्लीची ध्वनिमुद्रणं पोकळ झालीत."

"हो."

"आणि तीन वर्षं आम्हीपण सगळीकडे पोकळ-पोकळ करत फिरतोय."

"हो."

"मी माझ्या जावयाला नाताळात, भरल्या घरात सांगितलं, तुमचा अल्बम पोकळ आहे. तो आता कोट दुसरीकडे शिवून घेतो." त्यानं फीत गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. "मला तर ऐकूही आला होता भरलेला. म्हटलं, लाम म्हणतो म्हणजे माझेच कान चुकत असतील."

यावर दोघं-तिघं हसले, पण हसू पुढे सरकलं नाही. कारण किंतिऊ उभा राहिला होता.

"बासरी डावीकडे होती," तो म्हणाला.

"डावीकडे होती," बाह लाम म्हणाला. "काल ऐकली. दुइताऱ्याच्या पावलावर पाऊल होतं तिचं. मी चुकीचं लिहिलं."

"तो आता वाजवत नाही."

"मी जाईन त्याच्याकडे."

"जा," किंतिऊ म्हणाला. "पण मी तुमच्याबरोबर येणार नाही, बाह." त्यानं टोपी घातली. रागानं नव्हे, थंडीत घालतात तशी. खुर्च्यांमधून वाट काढत तो बाहेर गेला. दार त्यानं हळूच लावलं, आणि आदळलं असतं तर बरं झालं असतं असं बाह लामला वाटलं.

"आणि दारीचा?" मागून कोणीतरी विचारलं. "भाचीचा अल्बम कसा आहे ते तरी सांगा."

थेइलिनचा हात पातेल्याच्या झाकणावर होता. तो तिथेच राहिला.

"नियम तीनदा ऐकायचा आहे," बाह लाम म्हणाला. "मी पुरा असा एकदाच ऐकलाय, तोही आधी एक बाजू, मग दुसरी. मत देत नाही."

"घरातली आहे म्हणून?"

"नाही. दोन वेळा राहिल्यात म्हणून."

रेडिओवालीनं वळून दारीला विचारलं, "पण तू सगळा आवाज एकाच बाजूला का ठेवलास गं? कोणी असं करत नाही."

दारी दाराला टेकून उभी होती. "मी लहानपणी तिकडे बसायचे," ती म्हणाली. आणखी काही सांगितलं नाही.

मग थेइलिननं झाकण उघडलं. वाफ वर गेली आणि लोकांना बोलायला काहीतरी मिळालं. ड्रोनेलनं सांगून टाकलं की त्याच्याकडे एकाच भोंग्याचं जुनं यंत्र आहे, त्यातून डावं-उजवं सगळं एकत्रच येतं, ते रोज दुपारी इथे चालू राहील. लामनं यावं, सदतीसच्या सदतीस ऐकावेत, ईस्टरला यादी वाचावी. खोलीतल्या दोघा-तिघांचं म्हणणं पडलं की आता वाचणारा बदलावा. त्यावरून वाद झाला, आणि तो बाह लामसमोरच झाला. त्यानं मध्ये तोंड घातलं नाही. भाताची बशी घेऊन तो कोटांच्या बाजूला बसला. थेइलिन त्याच्या उजवीकडे येऊन बसली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"कानाचं. चार वर्षं मला या बाजूला बसवतोयस. मी काय आंधळी आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"घरातला मामा तू आहेस. तू सांगशील तेव्हा, म्हटलं." तिनं त्याच्या बशीत मटणाचा एक मोठा तुकडा टाकला. "माझ्या मुलीला काल रडवलंस ते मात्र मी लक्षात ठेवणार आहे."

"ठेव."

निघाले तेव्हा साडेचार वाजत आले होते. ऊन पाइनच्या शेंड्यांवर गेलं होतं आणि चढावरच्या घरांतून कोळशाचा वास यायला लागला होता. थेइलिन रिकामं पातेलं घेऊन झपझप पुढे गेली. बाह लामच्या पाठीमागून दारी आली आणि काही न बोलता त्याच्या बरोबरीनं चालू लागली, नेहमीसारखी डाव्या बाजूनं.

थोडं चालल्यावर तिनं बोलायला सुरुवात केली. त्याला तिची मान हलताना दिसत होती, तोंडातून निघणारी वाफ दिसत होती. आजवर अशा वेळी तो 'हूं' म्हणत आला होता, अंदाजानं, बरोबर जागा साधून. आत्ताही तो 'हूं' तोंडापर्यंत आला.

चर्चच्या वळणावर तो थांबला. तिच्यामागून फिरून रस्त्याच्या दुसऱ्या कडेला गेला, म्हणजे ती आता त्याच्या उजव्या हाताला आली.

"काहीच ऐकलं नाही मी," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांग."